अक्षर मोठे, वाचन सोपे

अलिबागचे दैनिक ‘कृषीवल’ आता मोबाईलवरही वाचता येते. पण अक्षर बारीक दिसते म्हणून आपण वाचनच सोडले आहे काय? दोष पुष्कळदा मांडणीचा असतो. छापील पानाची पीडीएफ प्रत मोठी केली, की ओळ पडद्याबाहेर जाते व पान सतत डावीउजवीकडे सरकवावे लागते. संकेतस्थळावरील मजकूर किंवा ईपब प्रत असेल, तर अक्षर वाढवताच ओळी पडद्याच्या रुंदीत नव्याने बसतात. शक्य तेथे तीच निवडावी. पीडीएफच असल्यास फोन आडवा धरावा.

घरच्यांनी ज्येष्ठांना वाचनाच्या ॲपमधील अक्षराचा आकार एकदा वाढवून द्यावा. बारीक देवनागरीत अनुस्वार निसटतो, ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच भासतात. औषधाच्या माहितीत अशी चूक महागात पडते.

फोन डोळ्यांपासून सुमारे 40 सेंटीमीटर दूर असावा. दर 20 मिनिटांनी नजर दूरवर न्यावी. किनाऱ्यावर बसला असाल, तर समोर कुलाबा किल्ला आहेच.

मात्र एकाएकी अंधूक दिसू लागले किंवा सरळ ओळी वाकड्या भासल्या, तर अक्षर वाढवत बसू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे.