सायंवर्गाचा हिशेब : देणगीदारांना काय दाखवावे?





शाळा सुटल्यावर मुलांना थांबवून घेऊन वाचन-गणिताचा सराव करून घेणारे सायंवर्ग आज अनेक गावांत चालतात. आपल्या गुंजीसारख्या ठिकाणी त्यांची गरज अधिकच आहे. घरी मराठी, वर्गात मराठी, पण बसच्या पाटीपासून तहसील कचेरीच्या अर्जापर्यंत कन्नड, अशी आपल्या मुलांची दुहेरी वाट आहे. ज्या घरात संध्याकाळी अभ्यासाला जवळ बसणारे कोणी नसते, त्या मुलाला सायंवर्ग हाच आधार असतो. हा आधार लोकांच्या देणगीवर चालतो. देणगी आटली की वर्ग बंद पडतो आणि पहिला फटका त्याच मुलाला बसतो. म्हणून ‘आमच्या पैशाने काय झाले?’ या देणगीदाराच्या प्रश्नाला नीट उत्तर देणे हे शाळेचे कर्तव्य होय. ते उत्तर कसे तयार करावे, हे या लेखात आम्ही सांगणार आहोत.

पूर्वी देणगीदाराला स्नेहसंमेलनाचे आमंत्रण, दोन छायाचित्रे आणि आभाराचे पत्र पुरेसे असे. आता तसे राहिलेले नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले; १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. २०२१ साली नियमांत दुरुस्ती होऊन मोठ्या कंपन्यांना १ कोटी रुपये व त्यावरील प्रकल्पांचा परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेणे बंधनकारक झाले. आपल्यासारख्या लहान शाळेला एवढी रक्कम मिळत नाही हे खरे; पण विचारण्याची ही सवय आता सर्वच देणगीदारांना लागली आहे, आणि ती चांगलीच आहे.

या बाबतीत आपल्याला उत्तम धडा देणारे उदाहरण मुंबईचे आहे. डॉ. माधव चव्हाण व फरीदा लांबे यांच्या पुढाकाराने मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ योजना सुरू केली. वस्तीतीलच, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या तरुणीला थोडे प्रशिक्षण द्यायचे आणि मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास तिच्याकडे सोपवायची, अशी ती योजना. हे वर्ग शाळेच्या वेळेतच भरत. पण काम आपल्या सायंवर्गाचेच. २००१ ते २००३ या काळात अभिजीत बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोदा येथे या योजनेची कसून तपासणी केली. (बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, आणि त्यांच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर. २०१९ साली बॅनर्जी, डफ्लो व मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.)

या तपासणीतील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. बडोद्यात निम्म्या शाळांत तिसरीला बालसखी दिली, उरलेल्या निम्म्या शाळांत चौथीला. कोणत्या शाळेला कोणती इयत्ता, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. त्यामुळे बालसखी लाभलेल्या तिसरीची तुलना न लाभलेल्या तिसरीशी करता आली आणि एकही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस असे दिसले की, शंभर मुले गुणांच्या क्रमाने उभी केली तर मधोमध उभे असलेले मूल ढोबळमानाने दहा-अकरा जागा पुढे सरकले होते. सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. परंतु त्याच अभ्यासकांनी हेही लिहिले की, बालसखीची साथ सुटून वर्ष झाल्यावर यातील बराचसा लाभ ओसरला होता. ही उणी बाजू त्यांनी झाकली नाही. तरीही ते काम थांबले नाही. उलट मुलाच्या पातळीनुसार शिकवण्याची ही पद्धत पुढे अनेक राज्यांत व परदेशांतही गेली.

दुसरे उदाहरण उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्याचे. तेथे ‘प्रथम’ने गावातीलच स्वयंसेवकांना तयार करून शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग चालवले. २०१० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना अक्षरओळखही नव्हती आणि जी वर्गाला आली, त्यांची प्रगती स्पष्ट दिसली. मात्र त्या गावांतील सुमारे ८ टक्के मुलेच वर्गाला आली होती. म्हणजे औषध गुणकारी, पण घेणारे थोडे! केवळ आलेल्या मुलांचे आकडे पाहिले असते तर ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नसती.

या दोन उदाहरणांवरून आपल्यासाठी काही नियम निघतात.

पहिला नियम : सुरुवातीची नोंद हवी. जूनमध्ये मूल कोठे होते हे लिहून ठेवले नाही, तर मार्चमध्ये ते कोठवर आले हे सांगता येत नाही. यासाठी महागडी परीक्षा नको. २००५ पासून निघणाऱ्या ‘असर’ अहवालाची साधी पद्धत मराठी आणि कन्नड दोन्हींत उपलब्ध आहे. मुलाला अक्षर येते की शब्द, छोटा परिच्छेद वाचता येतो की दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढेच पाहायचे. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. एका मुलाला काही मिनिटे पुरतात. तपासणारा शिक्षक मात्र सायंवर्ग घेणारा नसावा. आपल्याच पिकाची प्रतवारी आपण करू नये.

दुसरा नियम : गळालेली मुले हिशेबातून गाळू नयेत. समजा, जूनमध्ये ३० मुलांची नावे घातली. मार्चपर्यंत २० टिकली आणि त्यांतील १६ गोष्ट वाचू लागली. २० पैकी १६ म्हणजे ८० टक्के, ऐकायला छान! पण ३० पैकी १६ म्हणजे ५३ टक्के. अहवालात दुसरा आकडा आधी लिहावा आणि १० मुले का गेली तेही सांगावे. भातलावणीच्या दिवसांत की सुगीत? आषाढातील मुसळधार पावसात, की थंडीत लवकर अंधार पडतो म्हणून? महिन्यावार हजेरी मांडली की कारण आपोआप दिसते आणि वर्गाची वेळ बदलता येते.

तिसरा नियम : तुलना हवी. सायंवर्गाला न येणारे मूलही वर्षभरात काही शिकतेच. ती वाढ वजा केल्याशिवाय सायंवर्गाचे श्रेय किती हे कळत नाही. शिवाय हौसेने येणारी मुले मुळातच अभ्यासू असू शकतात. शिकवणारे हात कमी असतील, तर पहिल्या सत्रात चौथीचा वर्ग आणि दुसऱ्या सत्रात पाचवीचा, अशी पाळी लावता येते. एकाच इयत्तेत मुले जास्त आणि जागा कमी असतील, तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना आधी व उरलेल्यांना नंतर घ्यावे. दसऱ्याच्या सुट्टीआधी दोन्ही गटांची पातळी पाहिली, की प्रामाणिक तुलना हाती येते आणि कोणावर अन्यायही होत नाही. संख्या लहान असल्याने निष्कर्ष बेताने काढावेत, हे मात्र विसरू नये.

चौथा नियम : दर मुलामागे खर्च किती आला, ते लिहावे. मानधन, खडू-कागद, दिवाबत्ती, खाऊ हे सर्व धरून एकूण रकमेला पटावरील मुलांनी भागावे. दहावीचा निकाल लागला की त्याचे श्रेय सायंवर्गाला देण्याचा मोह होतो. पण त्या निकालामागे घर, शाळा आणि मुलाचे स्वतःचे कष्टही असतात. जे मोजले तेवढेच सांगावे.

पाचवा नियम : देणगीदाराला आकडे द्यावेत, मुलांची नावे नव्हेत. कोणते मूल अक्षरावर अडले आहे हे त्याचे शिक्षक व पालक यांनाच कळावे. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे.

विश्वस्तांना आमची विनंती अशी की, असा एक पानी अहवाल देणगीदारांकडे पाठवण्यापूर्वी तो आपल्या बैठकीत वाचला जावा. आकडा कमी आला तर शिक्षकाला जाब विचारण्याची घाई करू नये. घाई केली की पुढच्या वर्षी आकडे फुगतात आणि मूल तेथेच राहते. पालकांना विनंती, मूल सायंवर्गाला येत नसेल तर कारण मोकळेपणाने कळवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, जूनमध्ये जवळ बसवून तुम्हाला वाचायला सांगितले तर घाबरू नका. त्यात पास-नापास काही नाही. जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हणून सांगा. तेथूनच तुमचा अभ्यास सुरू होईल.

देणगीदार वर्षातून एकदा अहवाल वाचतो. शिक्षकाला मात्र तो दर महिन्याला उपयोगी पडतो, कारण उद्या कोणत्या मुलाजवळ बसायचे हे त्यावरूनच कळते. हिशेब ठेवायचा तो मुख्यतः यासाठी.