सुनेला येणारी साप्ताहिक हांक

कोल्हापुरास लागून असलेल्या उचगांवासारख्या गांवीं सुनेला दिवस गेले, म्हणजे सल्ला देणाऱ्यांस तोटा नसतो. 'फार खाऊं नकोस, मूल मोठें होऊन अडशील' हा त्यांतलाच एक! केंद्र सरकारच्या 'किलकारी' योजनेनें या सल्लागारांत एका जाणत्या आवाजाची भर घातली आहे. २०१६ सालीं निघालेली ही योजना महाराष्ट्रांत २०२४ सालीं आली. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचें होईपर्यंत दर आठवड्यास एक, असे ७२ ध्वनिसंदेश मोबाईलवर विनामूल्य येतात.

लोहाच्या गोळीचेंच पाहा. ती रोज, निदान १८० दिवस घ्यावयाची. पण पुष्कळ घरीं ती चहाच्या घोटाबरोबर पोटांत जाते, आणि चहामुळें लोह अंगीं लागत नाहीं. हें वेळच्या वेळीं सांगणारें कोणी हवें.

परंतु हांक जाते कोणाच्या कानीं? नोंदीच्या वेळीं दिलेला क्रमांक पुष्कळदां पतीचा किंवा मामंजींचा. ते कामावर, आणि पहिलटकरीण सातव्या महिन्यांत माहेरीं! आशाताईंकडे तिचाच क्रमांक द्यावा, आणि सासूबाईंनींहि शेजारीं बसून ऐकावें. मात्र आवाजाला डोळे नसतात. तोंडाहातांवर सूज, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी किंवा रक्तस्राव, यांपैकीं कांहींहि झाल्यास पुढच्या संदेशाची वाट न पाहतां तडक रुग्णालय गांठावें.