पोटात दुखतंय की मनात?

दोस्तांनो, समजा, पेठ वडगावच्या एका शाळेत आठवीत शिकणारी एक मुलगी आहे. शेजारच्या खेड्यातून ती रोज एसटीनं येते. सहावीपर्यंत हुशार म्हणून सगळ्यांना ठाऊक. पण हल्ली चाचणी परीक्षा जवळ आली, की सकाळी तिच्या पोटात कळ येते. घास खाल्ला की मळमळतं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त-लघवी बघितली. सगळं ठीक! मग घरात सुरू होतं, "नाटकं करतीया. अभ्यास नको असतोय हिला."

ती खरंच नाटक करते का? मुळीच नाही. तिचं पोट खरोखरच दुखतं. भीती वाटली की आपलं शरीर धोक्याची घंटा वाजवतं. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, पोटात गोळा येतो. कुत्रं मागं लागलं तर ही घंटा उपयोगाची. पण गणिताचा पेपर काही चावत नाही! तरी घंटा वाजतच राहिली, तर ती कुणीतरी समजून घ्यायला हवी. हे काम करणारी माणसं म्हणजे समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ.

"म्हणजे वेड्यांचा डॉक्टर?" असं कुणीतरी लगेच विचारतंच. दात दुखला तर आपण दातांच्या डॉक्टरकडे जातो, तेव्हा कुणी हसत नाही. मग मन दुखलं तर लाज कसली? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मनाच्या आजारांपैकी सुमारे एक तृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आणि निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू होतात. म्हणजे तुमचंच वय! वेळेवर मदत मिळाली, तर पुढचा त्रास पुष्कळ वाचतो.

आता तिथं गेल्यावर होतं तरी काय? सुई नाही, कडू औषध नाही. बहुतेक वेळा नुसत्या गप्पा! लहान मुलं असतील तर चित्रं नि खेळही. पण या गप्पांमागे शास्त्र असतं.

अल्बर्ट एलिस नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते (१९१३ ते २००७). तरुणपणी चारचौघांत बोलायची त्यांना फार भीती वाटायची. मग त्यांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा भाषणं केली आणि भीती पळवली. पुढे १९५५ साली त्यांनी एक उपचारपद्धती मांडली. मराठीत तिला 'विवेकनिष्ठ' पद्धती म्हणतात. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार करून ती शिकून घेतली आणि मराठीतून लोकांपर्यंत पोचवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. तेही हीच पद्धत मुलांना आणि पालकांना समजावत आले आहेत.

पद्धत सोपी आहे. घटना एकच असते, पण आपण तिच्याविषयी काय विचार करतो, त्यावर आपलं दुःख लहान-मोठं होतं. आपली आठवीतली मुलगी मनात म्हणते, "मला नव्वद मिळायलाच हवेत. नाही मिळाले तर मी अगदी कुचकामी." या वाक्यातला 'च' पाहा! एवढंसं अक्षर, पण सगळा ताण त्यातच. समुपदेशक विचारतात, "कमी मार्क पडले तर माणूस कुचकामी होतो, हे कुठं लिहिलंय?" हळूहळू ती म्हणायला शिकते, "नव्वद मिळाले तर मला फार आवडेल. नाही मिळाले तर वाईट वाटेल, पण मी पुन्हा प्रयत्न करीन." काळजी राहते, पण पोटातली कळ कमी होऊ लागते. एका दिवसात नव्हे हं! त्याला काही भेटी लागतात आणि घरी सरावही करावा लागतो. कधी औषधाचीही गरज पडते. ते फक्त मानसोपचाराच्या डॉक्टरनीच द्यायचं.

"मी सांगितलेलं सगळं घरी कळणार का?" ही शंका अगदी रास्त. समुपदेशक तुमचं गुपित जपतात. मात्र तुमच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुम्हांला त्रास देत असेल, तर तुमच्या रक्षणासाठी त्यांना मोठ्यांना सांगावंच लागतं.

जायचं कुठं? २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वर्षांच्या मुला-मुलींसाठी सरकारी दवाखान्यांत समुपदेशनाची सोय आहे. महाराष्ट्रात या केंद्रांना 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. कोल्हापूरला सीपीआर रुग्णालय आहे. आणि प्रवास जमत नसेल तर फोन! 'टेली-मानस'चा नंबर १४४१६. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथं मराठीत बोलता येतं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहेच.

आता थोडं आई-बाबांशी. मूल गप्प झालं, झोप-जेवण बिघडलं, मित्र तुटले, आवडीचा खेळ सुटला आणि असं दोन आठवडे चाललं, तर "लाडावलंय" म्हणू नका. शेजारच्या मुलाशी तुलना तर नकोच. जवळ बसा, विचारा, आणि मधे न बोलता ऐका. "जगावंसं वाटत नाही" असं मूल म्हणालं, तर ते धमकी समजू नका. त्याविषयी सरळ विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट त्याचं मन मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

आणि दोस्तांनो, तुमच्या मनात असं काही आलं, तर त्याच दिवशी कुणातरी मोठ्या माणसाला सांगा. आई, मामा, बाई, सर, कुणीही. पहिल्यानं नाही ऐकलं, तर दुसऱ्याला सांगा. बाकावरची मैत्रीण असं काही बोलली, तरी "कुणाला सांगू नकोस" हे तिचं वचन पाळू नका. अशा वेळी चुगली होत नाही, जीव वाचतो.

मग काय, आज घरी गेल्यावर आपलं पोट दुखतंय की मन, हे जरा विचारून बघणार ना स्वतःला?