बी.एस्सी.पासून क्वांटम सिद्धांतापर्यंत

सैद्धांतिक क्वांटम भौतिकी म्हणजे अणू, इलेक्ट्रॉन, प्रकाशकण यांच्या वागण्याचे नियम गणितात मांडणे आणि त्या नियमांतून काय काय निघते ते कसून तपासणे. या शाखेतल्या संशोधकाला स्वतःची प्रयोगशाळा लागत नाही. गणिताची पक्की बैठक, संगणक, नवे शोधनिबंध आणि चूक दाखवून देणारे सहकारी एवढे त्याला पुरते. शोधनिबंधांची अडचण बरीच दूर झाली आहे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्काइव्ह’ या संग्रहामुळे प्रिन्स्टनमध्ये वाचला जाणारा निबंध त्याच दिवशी नांदेडमध्ये फुकट वाचता येतो. सहकारी मिळणे मात्र अजूनही गावागावावर अवलंबून आहे.

सिद्धांतकाराचे काम कसे चालते याचे उत्तम उदाहरण नांदेडच्या शेजारीच उभे राहत आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांमधून लेसरचा प्रकाश जाईल आणि लहर आल्यावर भुजांच्या लांबीत पडणारा फरक मोजला जाईल. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांश भागाहूनही लहान असतो. इतके बारीक मोजताना प्रकाशच आड येतो. प्रकाशकण शिस्तीत रांगेने येत नाहीत, पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे कमीजास्त पडतात, आणि त्या खडखडाटात खरा संकेत बुडतो. लेसरची शक्ती वाढवली तर हा त्रास घटतो, पण प्रकाशाचा दाब आरसेच हलवू लागतो.

१९८१ मध्ये कार्लटन केव्हज या अमेरिकी सिद्धांतकाराने हा गोंधळ नेमका कुठून येतो ते गणिताने दाखवले. उपकरणाच्या ज्या तोंडातून काहीच प्रकाश सोडलेला नसतो, त्या तोंडातून निर्वाताचे क्वांटम चढउतार आत शिरतात. अनिश्चितता नष्ट करता येत नाही, पण एका बाजूने दाबून दुसऱ्या बाजूला ढकलता येते. असा ‘दाबलेला’ प्रकाश त्या तोंडातून सोडला तर मोजमाप सुधारेल, असे त्यांनी मांडले. अमेरिकेतील लायगोच्या नियमित निरीक्षणांत ही युक्ती २०१९ पासून वापरात आली. कागदावरचे गणित यंत्रात उतरायला जवळजवळ चार दशके लागली. ज्याला आपल्या कामाचे फळ लगेच दिसायला हवे, त्याने या शाखेत येण्याआधी हा हिशेब लक्षात घ्यावा.

नांदेड-लातूरमध्ये या वाटेची सुरुवात बारावीनंतरच अडखळते. ‘लातूर पॅटर्न’ने या भागातल्या मुलांना स्पर्धा परीक्षेची शिस्त लावली आणि हजारो डॉक्टर-इंजिनिअर घडवले. पण भौतिकशास्त्राचे गुण इथे बहुतेक नीट आणि जेईईच्या तराजूतच तोलले जातात, आणि बी.एस्सी. हा प्रवेश हुकल्यानंतरचा पर्याय मानला जातो. हा समज चुकीचा आणि नुकसानकारक आहे. हा पॅटर्न जिथे रुजला त्या लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले जनार्दन वाघमारे हेच १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. बारावीची कडक तयारी आणि विद्यापीठातले संशोधन ही दोन टोके एकमेकांपासून फार दूर नाहीत, याची ही स्थानिक साक्ष आहे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, म्हणजे औंढाही त्यातच आले.

बी.एस्सी.नंतरचा पहिला मोठा फाटा ‘जॅम’ ही परीक्षा. तिच्यातून आयआयटीतील एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. विद्यापीठाच्या नांदेडजवळील विष्णुपुरी परिसरातील संकुलात किंवा स्थानिक महाविद्यालयात एम.एस्सी. करूनही पुढे जाता येते. त्यानंतर नेट, गेट किंवा जेस्ट यांपैकी एखादी परीक्षा देऊन पीएच.डी.ला प्रवेश घ्यायचा. नेटमधून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. शिवाय घरभाडे भत्ता वेगळा. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. राज्याची सेट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास राज्यात प्राध्यापकपदाची पात्रता येते, फेलोशिप मात्र मिळत नाही. पीएच.डी.ला सहसा पाच-सहा वर्षे जातात. त्यानंतर पोस्टडॉकच्या दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या नेमणुका, बहुधा वेगळ्या शहरात किंवा परदेशात. कायमची जागा मिळेपर्यंत तिशी ओलांडलेली असते.

गाइड निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्यांचे अलीकडचे पेपर आणि त्यांचे आधीचे विद्यार्थी आज काय करतात हे पाहावे. एकट्याने सिद्धांत करणे जवळजवळ अशक्य आहे. टीआयएफआर, आयुका, आयसर पुणे किंवा आयआयटी मुंबई अशा संशोधन संस्थांत फळ्यापुढे चालणारी रोजची चर्चा अर्धे शिक्षण देते.

लहान गावाचा अडसर मात्र वाटतो तेवढा मोठा नाही. धुळे जिल्ह्यातील शिरपूरला १९४९ मध्ये जन्मलेल्या अभय अष्टेकर यांनी १९७४ मध्ये शिकागो विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली आणि ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ ही शाखा त्यावरच उभी राहिली. कोल्हापूरच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतीप्रयोगांच्या चळवळीचे श्रीपाद दाभोळकर यांचे पुत्र अतीश दाभोळकर यांनी टीआयएफआरमध्ये स्ट्रिंग सिद्धांतावर काम केले. २०१९ पासून ते इटलीतील ट्रिएस्ट येथील आयसीटीपी या आंतरराष्ट्रीय केंद्राचे संचालक आहेत.

नोकरीचे वास्तव कठोर आहे. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. पण अनुदानित महाविद्यालयांत अनेक पदे रिक्त राहतात आणि नेट-सेट, पीएच.डी. झालेले तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. कायम झाल्यावरही आठवड्याला सोळा तासांचे अध्यापन असते आणि संशोधनाचा वेळ त्यातून काढावा लागतो. दुसरीकडे ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानामुळे २०२३ पासून या विषयाची मागणी वाढली आहे. अभियानाच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संवेदनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे.

ही वाट मुलांना वेळेत दिसावी म्हणून महाविद्यालयांतील शिक्षकांनी जॅमची माहिती बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी वर्गात द्यावी. ही परीक्षा दरवर्षी फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज आदल्या सप्टेंबरच्या सुमारास निघतात.