मांजर माणसाने पाळलं, की ते स्वतःहूनच घरात शिरलं?

मोबाईल हातात घ्या, दोन-चार रील सरकवा, एक तरी मांजर समोर येतंच. कधी ते मालकाच्या डोळ्यांत डोळे घालून टेबलावरचा कप हळूच खाली ढकलत असतं, तर कधी हाक मारल्यावर फक्त एक कान हलवतं आणि पुन्हा झोपतं. खाली कमेंटही ठरलेल्या. 'कुत्रा इमानी, मांजर मतलबी.' 'कुत्र्याला मालक असतो, मांजराला नोकर असतो.'

आपल्याकडे ही तक्रार सोशल मीडियाच्या आधीपासून आहे. कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला, असं घरातली म्हातारी माणसं सांगायचीच.

पण मांजर असं का वागतं, याचं उत्तर हवं असेल तर थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे दहा हजार वर्षं. गाय, शेळी, मेंढी, घोडा या प्राण्यांना माणसाने दूध, मांस, लोकर, नाहीतर ओझं वाहणं यासाठी जवळ केलं. मांजराच्या बाबतीत मात्र माणसाने ठरवून असं फारसं काही केलंच नाही. मग ते घरात आलं कसं?

सुरुवात झाली उंदरापासून

आजचे इराक, सीरिया, तुर्कस्तानचा दक्षिण भाग, लेबनॉन, इस्राएल या पट्ट्यात साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी माणूस शेती करू लागला. गहू, बार्ली पिकू लागलं. पीक आलं की ते वर्षभर साठवायला लागतं. आपल्याकडे कणग्या आणि पेवं असायची, तशी धान्य साठवायची सोय तिथल्या वस्त्यांमध्येही झाली.

आणि धान्य आलं की उंदीर आलेच. खरं तर उंदीर त्याही आधी आले होते. माणूस एका जागी घरं करून राहू लागला, तेव्हापासूनच, म्हणजे सुमारे १५ हजार वर्षांपूर्वीपासून, घरातला उंदीर त्याच्या आसपास वावरत होता, असं जुन्या वस्त्यांमध्ये सापडलेल्या उंदरांच्या दातांवरून कळलं आहे. शेतीमुळे त्यांची चंगळ झाली.

त्या भागात राहणाऱ्या एका रानमांजराने हे बरोबर हेरलं. रात्रभर रानात भटकून चार उंदीर मिळवण्यापेक्षा वस्तीच्या कडेला बसून राहिलं तर पोट भरत होतं. वर उष्टं-खरकटं होतंच. अट एकच, माणसाची भीती थोडी कमी हवी. जी मांजरं माणूस दिसताच पळ काढायची, ती उपाशी राहिली. जी जरा धीट होती, ती टिकली. त्यांची पिल्लं वस्तीतच वाढली आणि आणखी धीट झाली.

माणसाचा यात तोटा काहीच नव्हता. मांजर धान्य खात नाही, गोठ्यातली जनावरं मारत नाही, उलट उंदीर कमी करतं. त्यामुळे त्याला कुणी हाकललं नाही. दोघांची ओळख झाली ती अशी, एकमेकांच्या फायद्यातून.

सायप्रसमधली कबर

ही ओळख किती जुनी, याचा सगळ्यात गाजलेला पुरावा भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर सापडला. तिथल्या शिलूरोकाम्बोस या जागी फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ज्याँ-दनी विन्य आणि त्यांचे सहकारी उत्खनन करत होते. तिथे त्यांना सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची एक कबर मिळाली. माणसासोबत शिंपले, घासून गुळगुळीत केलेले दगड आणि गारगोटीची हत्यारं पुरलेली होती. आणि त्याच्यापासून जेमतेम ४० सेंटीमीटरवर होता साधारण आठ महिन्यांच्या एका मांजराचा सांगाडा. अख्खा, नीट खड्ड्यात ठेवलेला. २००४ साली हा शोध जाहीर झाला.

यातली खरी गोम बेटात आहे. सायप्रसवर मुळात रानमांजरं नव्हती. जवळात जवळचा किनारा तुर्कस्तानचा, आणि तोही समुद्रापलीकडे ७० किलोमीटरवर. म्हणजे मांजर बेटावर पोहोचलं ते माणसाच्या होडीतून. कुणीतरी बियाणं आणि जनावरांसोबत मांजरही बरोबर घेतलं होतं.

आपल्या माऊचा पूर्वज कोण?

रानमांजराच्या जाती युरोपात आहेत, आफ्रिकेत आहेत, मध्य आशियातही आहेत. आपल्याकडे राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या भागातही एक आहे. मग घरातली मांजरं यातल्या कुणाची वंशज?

२००७ साली ९७९ रानटी आणि पाळीव मांजरांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर स्पष्ट होतं. मुंबईच्या मासळी बाजारातला बोका असो की लंडनच्या बंगल्यातली पर्शियन मांजर, सगळ्यांचा पूर्वज एकच. त्याचं शास्त्रीय नाव 'फेलिस लिबिका'. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात राहणारं, वाळूच्या रंगाचं, अंगावर फिकट पट्टे असलेलं रानमांजर. आजही ते आपल्या गल्लीतल्या मांजराशेजारी उभं केलं तर चटकन ओळखू येणार नाही, इतकं सारखं दिसतं.

इजिप्तमध्ये मांजराचे दिवस पालटले

वस्तीच्या कडेला राहणारं मांजर घराच्या आत आलेलं स्पष्ट दिसतं ते प्राचीन इजिप्तमध्ये. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांमधल्या चित्रांत मांजर घरातल्या बाईच्या खुर्चीखाली बसलेलं असतं, कधी मासा खात असतं. ते उंदीर मारायचं, साप मारायचं. पुढे बास्टेट ही मांजराच्या रूपातली देवी आली आणि मांजराचा मान वाढला.

घरातलं मांजर मेलं की इजिप्तमधले लोक दुःखाने भुवया काढून टाकतात, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलं आहे. डायोडोरस नावाच्या दुसऱ्या ग्रीक लेखकाने तर डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग सांगितला आहे. एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेलं. जमावाने त्याचं घर गाठलं आणि रोमशी वैर ओढवेल या भीतीने राजाने अधिकारी पाठवूनही तो माणूस वाचला नाही.

पण फॉरवर्डमध्ये ही गोष्ट इथेच संपते. पुढचं कुणी सांगत नाही. देवीला नवस म्हणून मांजराची ममी वाहायची पद्धत पडली आणि त्यासाठी मांजरं मुद्दाम वाढवली जाऊ लागली. ममींचे एक्स-रे काढले तेव्हा दिसलं की अनेक मांजरं वर्षभराचीही नव्हती आणि त्यांची मान मोडलेली होती. ज्या मांजरासाठी माणसाचा जीव घेतला जायचा, त्याच मांजराचा देवळात धंदा चालला होता. या ममी इतक्या होत्या, की १८९० साली सुमारे १९ टन ममी जहाजाने इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला गेल्या. कशाला? तर दळून शेतात खत म्हणून टाकायला.

मग जगभर कसं पसरलं?

आतापर्यंतचा समज असा होता, की शेतकरी पश्चिम आशियातून युरोपात गेले तेव्हा मांजरंही त्यांच्यासोबत गेली. २०२५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने हा समज हलवला. युरोप आणि तुर्कस्तानमध्ये सापडलेल्या जुन्या हाडांमधून ७० मांजरांचा जनुकीय आराखडा तपासला गेला. त्यातली जुनी मांजरं पाळीव निघालीच नाहीत, ती तिथलीच रानमांजरं होती. आजच्या पाळीव मांजरांचे पूर्वज उत्तर आफ्रिकेतून युरोपात पोहोचले ते साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, म्हणजे रोमन साम्राज्याच्या काळात.

मग सायप्रसचं मांजर? ते माणसाच्या ओळखीचं होतं, हे खरंच. पण त्याचीच पिल्लावळ पुढे सगळीकडे गेली, असं सरळ म्हणता येत नाही. ओळख होणं आणि कायमचं घरचं होणं, यात हजारो वर्षांचं अंतर होतं.

एकदा जहाजावर चढल्यावर मात्र मांजर थांबलं नाही. जहाजात धान्य असतं, दोर असतात, आणि हे सगळं कुरतडणारे उंदीर असतात. त्यामुळे खलाशांना मांजर हवंच असायचं. बंदरामागून बंदर करत ते अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर जाऊन बसलं.

चीनमध्ये डाव अर्धाच राहिला

हे सगळं दुसऱ्या एखाद्या मांजराच्या बाबतीतही होऊ शकलं असतं. चीनमध्ये ते जवळजवळ झालंच होतं.

तिथल्या शेतकऱ्यांच्या वस्तीत सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीची मांजराची हाडं मिळाली, तेव्हा आधी ती पाळीव मांजराचीच वाटली. नंतर कळलं की ती लेपर्ड कॅटची आहेत. बिबट्यासारखे ठिपके असणारं हे छोटं मांजर आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही राहतं. चीनमध्ये ते साडेतीन हजार वर्षं माणसाच्या वस्तीजवळ उंदीर मारत राहिलं, आणि मग निघून गेलं. आजचं पाळीव मांजर तिथे पोहोचलं ते सुमारे १,३०० वर्षांपूर्वी, रेशीम मार्गाने आलेल्या व्यापाऱ्यांसोबत.

म्हणजे नुसते उंदीर मारून भागत नाही. मुक्काम करायचा की नाही, हे शेवटी मांजराच्याही हातात होतं.

हजारो वर्षांत मांजर किती बदललं?

लांडग्यापासून कुत्रा झाला आणि त्याचे पग, डोबरमन, पश्मी असे किती तरी प्रकार माणसाने घडवले. कुणाला शिकारीसाठी, कुणाला राखणीसाठी, कुणाला मेंढ्या हाकायला. मांजराला काम शिकवावंच लागलं नाही, त्याला ते जन्मतः येत होतं. त्यामुळे निवडून जाती तयार करायची गरज पडली नाही. मांजरांच्या आज मिरवल्या जाणाऱ्या बहुतेक जाती गेल्या दीडशे वर्षांतल्या आहेत. मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन लंडनला भरलं तेही १८७१ साली.

काही बदल मात्र नक्की झाले. २०१४ साली पाळीव आणि रानटी मांजरांचे जनुकीय आराखडे ताडून पाहिले, तेव्हा भीती, स्मरणशक्ती आणि बक्षिसाच्या आशेने शिकणं यांच्याशी संबंधित जनुकांत फरक दिसला. सोप्या भाषेत, मांजर कमी घाबरू लागलं आणि 'या माणसाकडे गेलं की खायला मिळतं' हे लक्षात ठेवू लागलं.

दुसरा बदल आवाजातला. मोठी झालेली मांजरं आपसात फारसं म्याव-म्याव करत नाहीत. पिल्लू आईला हाक मारतं तो हा आवाज मोठं मांजर माणसासाठी राखून ठेवतं. इतकंच नाही, खायला हवं असताना मांजर ज्या पद्धतीने गुरगुरतं, त्यात तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा एक बारीक सूर मिसळलेला असतो, असं २००९ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं. पहाटे पाच वाजता तुम्ही मुकाट्याने उठता, ते उगाच नाही.

मग मांजर मतलबी आहे का?

गाय, घोडा, कुत्रा यांचे पूर्वज कळपात राहणारे. कळपात म्होरक्या असतो आणि ती जागा माणसाने घेतली. मांजराचा पूर्वज एकट्याने हिंडणारा, एकट्याने शिकार करणारा. त्याला म्होरक्या कधी नव्हताच. त्याच्यासाठी महत्त्वाचा होता तो इलाखा. म्हणून मांजर 'घराला धरून' असतं. हाक मारल्यावर शेपूट हलवत न येणं हा त्याचा माज नाही. तसं करायला त्याला कुणी कधी घडवलंच नाही. तरीही ते येतं, मांडीवर बसतं, डोकं घासतं. २०१९ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात सुमारे ६४ टक्के पिल्लांना आपला माणूस खोलीत परत आल्यावर धीर आल्याचं दिसलं.

मात्र या अर्धवट रानटीपणाची दुसरी बाजूही आहे. मांजराला आपण जिथे जिथे नेलं, तिथे त्याच्यातला शिकारीही गेला. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर उडता न येणारा एक इवलासा पक्षी होता. १८९४ साली तिथे दीपगृह सुरू झालं, सोबत मांजरं आली आणि काही वर्षांत पक्षी संपला. एकाच मांजराने अख्खी जात संपवली, ही गोष्ट नेटवर फिरते. ती खरी नाही, मांजरं बरीच होती. पण पक्षी गेला हे खरं. जगभरात नामशेष झालेल्या ६३ प्रजातींमागे मांजरांचाही हात असल्याची नोंद २०१६ सालच्या एका अभ्यासात आहे.

म्हणून आज मांजर पाळताना दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. ते पूर्ण मांसाहारी आहे, त्याला गोड चवसुद्धा कळत नाही. वाटीभर दूध हे आपल्या मनातलं मांजराचं जेवण. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते नीट पचत नाही. नसबंदी केली नाही तर एकाची दहा व्हायला वेळ लागत नाही. आणि पिल्लं जड झाली की पोत्यात घालून लांब कुठेतरी सोडून यायचं, 'मांजर आहे, जगेल कुठेही', ही आपली सोयीची समजूत. ते जगलंच, तर तिथल्या पाखरांवर आणि सरड्यांवर जगेल. नाहीतर इलाखा सुटलेलं पिल्लू भुकेने, कुत्र्यांच्या तोंडी नाहीतर गाडीखाली जाईल.

दहा हजार वर्षांपूर्वी हिशेब सरळ होता. धान्य आमचं, उंदीर तुझे. आता आपल्या फ्लॅटमध्ये ना कणगी उरली, ना उंदीर. मांजराचं काम गेलं, ते मात्र राहिलं. तेव्हा पुढच्या वेळी त्याने कप ढकलला तर त्याच्या इमानाचा हिशेब मांडण्याआधी आपल्याकडचाही एकदा तपासून बघा.