अन्नविषबाधा, होमिओपॅथी आणि पहिले काही तास

काळेवाडी-रहाटणी परिसरातील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ पिंपरी, भोसरी व चाकण येथील कारखान्यांतील पाळ्यांवर चालतो. पहाटे भरलेला डबा दुपारी आणि दुपारी भरलेला रात्री उघडला जातो. उन्हाळा व पावसाळ्यात आमच्याकडे उलट्या-जुलाबांचे रुग्ण वाढतात. अशा वेळी नातेवाईक हमखास विचारतात, "होमिओपॅथीच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, त्याच पुढे द्याव्यात का?" हा प्रश्न प्रामाणिक असल्याने त्याचे सविस्तर उत्तर देणे आम्ही कर्तव्य समजतो.

शिजवलेला भात तासन्‌तास तसाच राहिला, की त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात. हाताळणाऱ्याच्या हातावरील जखमेतून स्टॅफिलोकॉकस हे जंतू खव्याच्या मिठाईत वा बासुंदीत उतरतात. या दोहोंचे वांतिकारक विष अन्न पुन्हा उकळले तरी टिकते, हे गृहिणींनी ध्यानात घ्यावे. असे अन्न खाल्ल्यावर साधारणतः एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. साल्मोनेला जंतूंचा त्रास मात्र काही तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही दिसतो.

कारण कोणतेही असो, प्राणावर बेतते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा येथे धार्मिक सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यानंतर शेकडो भाविकांना विषबाधा झाली. रुग्णालयात जागा अपुरी पडल्याने झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. त्या रात्री रुग्णांना सर्वाधिक निकड होती ती पाण्याची व क्षारांची.

होमिओपॅथीत या लक्षणांवर आर्सेनिकम आल्बम, नक्स व्होमिका ही औषधे सुचवली जातात. तीस शक्तीचे औषध म्हणजे शंभरपट विरलीकरण तीस वेळा केलेले. त्यात मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. निकाराग्वातील बालकांवर झालेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या औषधांनी जुलाब लवकर थांबल्याचे म्हटले होते. पुढे होंडुरासमधील २००६ च्या अभ्यासात मात्र औषध व निव्वळ साखरेची गोळी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. विशेष म्हणजे दोन्ही ठिकाणी सर्व बालकांना क्षारसंजीवनीही दिली जात होती. बालकांच्या अतिसारावर होमिओपॅथीचा वापर करू नये, असे मत जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये व्यक्त केले.

परिसरातील अनेक होमिओपॅथिक डॉक्टर अशा रुग्णांना विनाविलंब आमच्याकडे पाठवतात, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आमची तक्रार गोळीबद्दल नाही, हातून निसटलेल्या वेळेबद्दल आहे. गेल्या पावसाळ्यात दीड वर्षांची एक बालिका आमच्याकडे आली, तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि रडताना अश्रू येत नव्हते. दोन दिवस घरातीलच पेटीतल्या गोळ्या चालू होत्या, आणि जुलाब वाढतील या भीतीने पाणी मात्र तोडले होते. सलाइनसाठी शीर सापडण्यासच बराच वेळ गेला. सुदैवाने ती वाचली.

म्हणून पहिल्या जुलाबापासूनच क्षारसंजीवनी द्यावी. उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात एक मोठे पाकीट विरघळवावे. पाकीट नसल्यास सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मुलांना जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने द्याव्यात. शौचावाटे रक्त पडणे, सहा तासांत लघवी न होणे, ग्लानी येणे किंवा पाणीही पोटात न ठरणे यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबू नये. जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी पायांतील बळ गेल्यासारखे वाटले, तरीही त्वरित यावे. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात पसरलेल्या गुलेन-बॅरे आजाराच्या काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू आढळले होते.

देणगीदारांच्या औषधनिधीतून क्षारसंजीवनीची पाकिटे आमच्या तातडीच्या विभागाच्या खिडकीवर अहोरात्र विनामूल्य मिळतात. त्यांसाठी केसपेपर काढावा लागत नाही.