होडी पोखरणारा किडा आणि त्याच्या कल्ल्यातलं औषध



ज्यांची लाकडी होडी आहे त्यांना हा किडा काय चीज आहे ते सांगायला नको. वरून फळी धडधाकट, टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आणि मेस्तानं पटाशी मारली की आत नुसती चाळण. १ जूनला बंदी लागली की होडी वर ओढायची, तळ खरवडायचा, तेल लावायचं, ही मेहनत बरीचशी याच्यासाठीच. पण याच किड्याच्या अंगात शास्त्रज्ञांना जंतूंना रोखणारं द्रव्य सापडलं आहे. त्याची माहिती आज देतो.

हा किडा नव्हेच

इंग्रजीत याला शिपवर्म म्हणतात, म्हणजे जहाजाची अळी. दिसतोही अळीसारखा. पण खरं तर तो आपल्या तिसऱ्या आणि शिणाण्यांचा भाऊबंद आहे. तोंडाकडे दोन बारीक शिंपल्या असतात, त्यांनी तो लाकूड किसतो. पिल्लू असताना आत शिरतो आणि आतच वाढतो, म्हणून बाहेरचं भोक एवढंसं दिसतं.

लाकूड पचवतो कोण?

नुसतं लाकूड खाऊन जगणं सोपं नाही. हे काम त्याच्या कल्ल्यात राहणारे जिवाणू करतात. १९८३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे जिवाणू पहिल्यांदा वेगळे काढून प्रयोगशाळेत वाढवले. त्यांच्यात हार्वर्डच्या रूथ टर्नर या बाई होत्या. पुढे त्यांच्याच नावावरून जिवाणूला टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी असं नाव मिळालं.

हे जिवाणू दोन कामं करतात. एक, लाकूड विरघळवणारे पाचक रस बनवतात. दुसरं, पाण्यात मिसळलेला नायट्रोजन धरून देतात. अळसांद्याच्या मुळांवरच्या गाठी शेतात जे करतात, तेच इथे.

आता गंमत बघा. जिवाणू राहतात कल्ल्यात, आणि लाकूड पचतं पोटात. पाचक रस कल्ल्यातून पोटात जातात, हे २०१४ साली दिसून आलं. लाकडाची साखर तिथे तयार होते. साखर असेल तिथे जंतू जमणारच. आपल्या घरी पेज उरली तर दुसऱ्या दिवशी आंबते. पण या प्राण्याच्या पोटात जंतू फारच थोडे सापडतात. सगळी साखर त्याला एकट्याला!

राखणदार

२०१३ साली याच जिवाणूंपासून टार्ट्रोलॉन नावाची द्रव्यं वेगळी काढली. त्यातल्या मुख्य द्रव्यानं माणसाला रोग देणाऱ्या काही जंतूंची वाढ थांबवली. यात बोरॉन असतं, कॅरमच्या बोरिक पावडरीत असतं तेच. विशेष म्हणजे हे द्रव्य प्रयोगशाळेतच नाही, तर प्राण्याच्या अंगातही मिळालं. पोट स्वच्छ ठेवायला त्याचाच हात असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मात्र याची गोळी दुकानात आलेली नाही. बशीत जंतू रोखणं वेगळं आणि माणसाला न बाधता रोग बरा करणं वेगळं. त्यामुळे किडा वाटून जखमेला लावायच्या भानगडीत कोणी पडू नये. फिलिपिन्सच्या पालावान बेटावर लोक हा प्राणी व्हिनेगर लावून कच्चा खातात, पण खाणं म्हणून, औषध म्हणून नव्हे.

आपल्याशी संबंध काय?

समुद्रात नवी औषधं शोधावी लागतात, कारण जुनी चालेनाशी झाली आहेत. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनीच १९४५ साली नोबेलच्या भाषणात बजावलं होतं की कमी डोस दिला तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. नवं औषध यायला वर्षं लागतात. तोवर आहेत ती औषधं जपणं आपल्या हातात आहे. म्हणून:

१. शिंगाळ्याचा काटा लागला, कुर्लीचा डेंगा बसला, तर जखम लगेच स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी मनानं घेऊ नका.

२. जखम सुजली, लाल झाली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जखम मासळीची, खाऱ्या पाण्यातली आहे हे आवर्जून सांगा. त्यावर औषध ठरतं.

३. डॉक्टरांनी दिलेला कोर्स बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.

४. तळ्यात कोळंबी वाढवणाऱ्यांनी क्लोरॅमफेनिकॉल, नायट्रोफ्युरान अशी बंदी असलेली औषधं टाकू नयेत. माल परत येतो तो वेगळाच, पण जंतूही पक्के होतात.

या बंदीत मेस्तानं खराब फळी काढली की जाळण्याआधी ती फोडून मुलांना दाखवा. आतला प्राणी आणि त्याच्या तोंडाकडच्या दोन शिंपल्या सापडल्या तर फोटो इथे जरूर टाका.